चंद्रावर माणूस उतरला होता

२० जुलै १९६९ रोजी ‘अपोलो ११’चे ‘ईगल’ हे यान चंद्रावर उतरले. त्यानंतर डिसेंबर १९७२पर्यंत आणखी पाच मोहिमा यशस्वी झाल्या आणि एकूण बारा अंतराळवीर चंद्रभूमीवर वावरले. हे सारे स्टुडिओत उभारलेले नाटक होते, असा आक्षेप बिल केसिंग या अमेरिकन लेखकाने १९७६ साली स्वतःच छापलेल्या पुस्तकात मांडला. २००१ साली अमेरिकेतील फॉक्स वाहिनीच्या कार्यक्रमाने तो घरोघरी पोहोचवला.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडायला हवी. सोव्हिएत संघाने १९५७ साली स्पुटनिक आणि १९६१ साली युरी गागारिन यांना अंतराळात पाठवून अमेरिकेला मागे टाकले होते. दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याचे उद्दिष्ट अध्यक्ष केनेडी यांनी जाहीर केले होते आणि त्यात देशाची प्रतिष्ठा पणाला लागली होती. म्हणजे फसवणुकीला हेतू होता. छायाचित्रांत तारे दिसत नाहीत, सावल्या समांतर पडत नाहीत, हवा नसताना ध्वज हलतो, वाटेतल्या किरणोत्सारी पट्ट्यांतून माणूस जिवंत जाणे अशक्य आहे, मूळ चित्रफिती गहाळ आहेत आणि १९७२नंतर दशकानुदशके तिथे कोणी उतरले नाही, असे त्याचे पुरावे सांगितले जातात.

हे मुद्दे एकेक करून तपासता येतात. अपोलोची सर्व अवतरणे चंद्रावरच्या दिवसा झाली. उन्हाने लख्ख उजळलेली जमीन आणि पांढरे अंतराळपोशाख टिपायचे, तर कॅमेऱ्याचे शटर अगदी अल्पकाळ उघडावे लागते. तेवढ्या वेळात ताऱ्यांचा मंद प्रकाश फिल्मवर उमटत नाही. तारे टिपण्यासाठी वेगळे उपकरण लागते, आणि अपोलो १६ने जॉर्ज कॅरदर्स यांचा अतिनील कॅमेरा चंद्रावर नेऊन ते कामही केले. सावल्या वाकड्या दिसतात त्या उंचसखल जमिनीमुळे आणि यथार्थदर्शनामुळे. दिवे अनेक असते, तर प्रत्येक वस्तूला अनेक सावल्या पडल्या असत्या. तशा त्या कोणत्याही छायाचित्रात नाहीत. ध्वज ताठ राहावा म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. अपोलो ११मध्ये ती पूर्ण उघडली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या. खांब हाताने फिरवला की कापड झुलत होते, आणि झोके अडवायला हवा नसल्यामुळे ते सहज थांबत नव्हते.

व्हॅन ॲलन पट्ट्यांतला किरणोत्सार खरा आहे, पण त्याचा धोका तिथे किती वेळ राहिले यावर ठरतो. अपोलोचा मार्ग पट्ट्यांच्या सर्वांत दाट भागाला टाळून जाणारा होता आणि याने काही तासांत पार झाली. चमूंना मिळालेली सर्वाधिक सरासरी मात्रा अपोलो १४ची, सुमारे १.१४ रॅड एवढी होती. प्राणघातक मात्रा काहीशे रॅडच्या घरात असते. अपोलो ११च्या मूळ दूरमापन फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे नासाने मान्य केले आहे. ही हलगर्जी अक्षम्य म्हणावी लागेल, तरी त्या दिवशी जगभर प्रक्षेपित झालेल्या दृश्यांची मुद्रणे शिल्लक आहेत. पुढच्या मोहिमा थांबल्या त्या खर्चामुळे: १९६६ साली नासावर अमेरिकी संघराज्याच्या अंदाजपत्रकाचा चार टक्क्यांहून अधिक वाटा खर्च होत होता. शर्यत जिंकल्यावर तेवढा पैसा द्यायला राज्यकर्ते तयार नव्हते.

आक्षेप खोडून काढल्याने अवतरण आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो. पहिला पुरावा धुळीचा. अपोलो १६च्या चित्रणात जॉन यंग चांद्रगाडी पळवताना दिसतात. चाकांनी उडवलेली माती कमानीसारखी वर जाते आणि सरळ खाली पडते. धुरळा मागे तरंगत राहत नाही. पृथ्वीवर वाळूतून गाडी पळवली की बारीक धूळ हवेत लोंबकळते, आणि चित्रण संथ केल्याने ती नाहीशी होत नाही. असे दृश्य रचायला मैदानाएवढा निर्वात कक्ष हवा, आणि तोही एक षष्ठांश गुरुत्वाचा. असा कक्ष बांधणे त्या काळी शक्य नव्हते.

दुसरा पुरावा खडकांचा, आणि तो सर्वांत भक्कम आहे. सहा मोहिमांनी ३८२ किलो खडक व माती आणली. त्यांपैकी अपोलो १६ने आणलेला एकच दगड ११.७ किलोचा आहे. सोव्हिएत संघाने १९७० ते १९७६ या काळात तीन स्वयंचलित यानांतून मिळवलेली सगळी माती मात्र सुमारे ३०० ग्रॅम भरते. हे नमुने अनेक देशांच्या प्रयोगशाळांत गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि नरेंद्र भंडारी यांच्या गटाने त्यांतील खनिजकणांवर रसायनाची प्रक्रिया करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वैश्विक किरणांतील लोहगटाची जड अणुकेंद्रके स्फटिकात शिरताना जे माग सोडतात, ते त्या कणांत होते. ते साठायला लाखो वर्षे उघड्यावर पडून राहावे लागते. पृथ्वीचे वातावरण ही केंद्रके जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही. हे खडक अंटार्क्टिकात सापडलेले चांद्र अशनी असावेत, ही शंकाही टिकत नाही. चंद्रावरून आलेला पहिला अशनी १९८२ साली ओळखला गेला. शिवाय वातावरणातून पडताना अशनीचा बाहेरचा थर वितळतो, तर अपोलोच्या खडकांवर सूक्ष्म अशनींच्या आघातांनी झालेले, काचेचे अस्तर असलेले बारीक खड्डे शाबूत आहेत.

तिसरा पुरावा प्रतिस्पर्ध्याचा. अपोलो ११ चंद्रावर असताना सोव्हिएत लुना १५ त्याच चंद्राभोवती फिरत होते. २१ जुलैला ते कोसळले. ब्रिटनमधील जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीने दोन्ही यानांचे संदेश ऐकले. लबाडी उघडी पाडण्यात सोव्हिएत संघाइतका फायदा दुसऱ्या कोणाचाच नव्हता. त्याने ती पाडली तर नाहीच, उलट १९७१ साली अमेरिकेशी चांद्रमातीची देवाणघेवाण केली. पूर्वपक्षाने पुढे केलेला शीतयुद्धाचा हेतू अशा रीतीने उत्तरपक्षाचाच साक्षीदार ठरतो.

चौथा पुरावा जागांवरच आहे. अपोलो ११, १४ व १५ने ठेवलेल्या परावर्तकांवरून लेसर किरण आजही परत येतात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो, हे त्यांवरूनच मोजले गेले. सोव्हिएत यंत्रगाड्यांनीही असे परावर्तक नेले होते, त्यामुळे एकट्या परावर्तकांनी माणसाचे जाणे सिद्ध होत नाही. २००९पासून अमेरिकेच्या एलआरओ यानाने टिपलेल्या चित्रांत मात्र यानांचे खालचे भाग, गाडीच्या चाकोऱ्या आणि अंतराळवीरांच्या पायवाटा दिसतात. भारताच्या चांद्रयान-२च्या कॅमेऱ्यानेही अपोलोच्या अवतरणाच्या जागा टिपल्या आहेत.

सत्तेच्या दाव्यावर शंका घेणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण शंकेनेही काय दाखवले तर ती मागे घेतली जाईल, हे आधी सांगितले पाहिजे. प्रत्येक नवा पुरावा कटाचाच भाग ठरवणारा पक्ष खोडून काढता येत नाही, आणि म्हणूनच तो सिद्धही होत नाही. खडक, धूळ, चित्रे आणि प्रतिस्पर्ध्याची कबुली हे पुरावे वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या पद्धतींनी, वेगवेगळ्या दशकांत आले आणि सर्वांचा निष्कर्ष एकच निघाला. १९६९ ते १९७२ या काळात माणूस सहा वेळा चंद्रावर उतरला, हा इतिहास आहे.