दस्त्याला पॉलिश पेपर लावू नका

घरातला परवानाधारक वारला की दहाव्याच्या आतच कुणीतरी जाणता पाहुणा सांगतो, "ती बंदूक आधी ठाण्यात जमा करा, नसती भानगड नको." सल्ला चुकीचा नसतो. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नावाचा नव्हे. मुलगा ती जुनी दुनळी गोणपाटात गुंडाळतो, जमा करतो, पावती घेतो आणि पावती कपाटात साडीखाली जाते. मग कांदा निघतो, ऊस तुटतो, बहिणीचं लग्न येतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे जमा केलेलं हत्यार ठरावीक मुदतीत परत घेतलं नाही किंवा रीतसर कुणाला दिलं नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. पुढे ते त्या घरात परत येत नाही.

हे लिखाण आळेफाट्याच्या आसपासच्या अशा घरांसाठी आहे. ओतूर, बेल्हे, राजुरी, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, आणि फाट्यावरून कल्याणच्या किंवा नाशिकच्या गाडीला बसून जे कायमचे शहरात गेले, तेही यात आले. तुमच्याकडे परवान्याची जुनी शिकारीची बंदूक असेल, ठासणीची असेल, निदान तिची पावती असेल, तर ती जाऊ देऊ नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्या भागात बंदूक म्हटलं की आता बिबट्या आठवतो. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबटे राहू लागले. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. माणसं मेली आहेत, लोकांचा राग खरा आहे. पण आजोबांची बंदूक हा त्यावरचा उपाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बिबट्याला सर्वांत कडक संरक्षण दिलं आहे, आणि रात्रीच्या अंधारात घाबरलेल्या माणसानं झाडलेला जुना बार बिबट्याआधी शेजाऱ्याला लागतो. मी इथे बंदूक चालवण्याबद्दल बोलत नाही, ती जपण्याबद्दल बोलतो आहे.

जपायची कशासाठी? कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये जा. राजघराण्याच्या शिकारीच्या बंदुका तिथे काचेत आहेत, लोक तिकीट काढून बघतात. राजाची बंदूक टिकते. शेतकऱ्याची टिकत नाही, कारण ती वस्तू म्हणून कुणी मोजतच नाही. आणि खरं सांगायचं तर शेतकऱ्याची बंदूकच जास्त बोलकी असते. राजाची बंदूक बिघडली तर कारागिराकडे जायची. आपल्याकडची मोडली तर नांगर आणि जू करणाऱ्या सुताराकडे जायची. म्हणून अशा बंदुकीच्या मानेला, जिथे दस्ता बारीक होतो आणि हमखास चिरतो, तिथे पितळी पट्टी ठोकलेली असते, तांब्याची तार आवळलेली असते, ओलं कातडं चढवून सुकवलेलं असतं. नळी विलायती आणि दस्ता गावचा, साग किंवा शिसवीचा, असाही जोड दिसतो. त्या सुताराचं नाव कुठल्याही कागदावर नाही. त्याची तासणीची खूण तेवढी लाकडात आहे.

या बंदुकांचा कायद्याशी संबंध जुना आहे. १८७४-७६ मध्ये आंबेगावच्या डोंगरात होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला. अशी बंडं ताजी असतानाच १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला आणि हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू लागला, गोऱ्यांना मात्र सूट. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्यानं पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख केला. रानडुकरांनी भुईमूग उकरला की ती माळ्यावरून वाजायची. सशा-तित्तरांची शिकार १९७२ नंतर हळूहळू संपली, आणि बंदूक खुंटीवर गेली ती गेलीच. आता ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हळदकुंकवासाठी खाली येते. निवडणूक आली की ठाण्यात जाऊन येते.

आता मोडण्यापेक्षा वाईट जे होतं त्याकडे येतो. ते म्हणजे हौसेची डागडुजी. दसऱ्याच्या आधी घरातला कुणी उत्साही पोरगा बंदूक "नवी" करायला बसतो. खरखरीत पॉलिश पेपरनं दस्ता घासतो, वर टचवुडचे दोन हात मारतो, नळीला काळा ऑइल पेंट. झालं. दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथे लाकूड मुळात लोखंडाच्या पातळीला किंवा केसभर वर ठेवलेलं असतं. घासलं की ते खाली जातं आणि पुन्हा कधी वर येत नाही. पकडीसाठी कोरलेली बारीक चौकटीची जाळी पुसली जाते. शंभर वर्षांच्या हातांच्या घामानं आणि तेलानं आलेला गडद रंग पाच मिनिटांत भुश्यात जातो.

खरी रीत संथ आहे आणि तिचं सगळं सामान आपल्या बाजारात मिळतं, ही मला त्यातली गमतीची गोष्ट वाटते. इंग्लंडचे जुने बंदूककार अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल हातानं चोळत, आणि त्याला लालसर छटा यावी म्हणून त्यात एका झुडपाची मुळी भिजवत. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात केसांच्या तेलासाठी जी रतनजोत मिळते ती त्याच कुळातली, तसाच लाल रंग सोडणारी. पॉलिशची चपडा लाख तर आपल्याच देशातून जगभर गेली.

दस्ता जिथे लोखंडाला भिडतो त्या भागात काळे डाग असतात ते बहुतेक यंत्रातून झिरपलेल्या तेलाचे. खनिज तेल सुकत नाही; ते लाकडात बसून त्याला मऊ करतं, म्हणून बंदूक कोपऱ्यात नळी वर करून वर्षानुवर्षं उभी ठेवणं वाईट. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्याचा लेप द्यावा, वाळला की झटकावा, पुन्हा द्यावा. पूड तेल ओढून घेते. पोचा पडला असेल पण तंतू तुटला नसेल, तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवावी. वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, थेंबभर, तळहातानं गरम होईस्तोवर चोळायचं, जादाचं पुसायचं, एक-दोन दिवस थांबायचं, पुन्हा. हे तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्यात ऊब निर्माण होते, आणि म्हणूनच तेलाच्या चिंध्या चुरगाळून गोठ्यात फेकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळू द्या. चकाकी आली नाही तर नाराज होऊ नका. दस्ता आरशासारखा दिसायला तो सोफ्याचा हात नव्हे.

इतकंच घरच्या हातानं, आणि तेही परवानाधारकाच्या समोर, त्याच्याच घरात. लोखंडाला हात लावायचा नाही. घोडा, चाप, कुलूप, नळी यांची दुरुस्ती करायला कायद्यानं वेगळा परवाना लागतो. ती परवानाधारक दुरुस्तीवाल्यालाच करू द्या, आणि दस्ता उतरवायचा असेल तर तोही त्याच्याकडूनच उतरवून घ्या. ठासणीच्या बंदुकीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा बार तसाच असू शकतो. तेल लावण्याआधी ती रिकामी आहे याची खात्री दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, "आमच्या आठवणीत कुणी भरलीच नाही" हा पुरावा धरू नका. पट्ट्या पिळून घडवलेल्या, अंगावर लाटा दिसणाऱ्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या असतात. जुन्या बारा बोअरच्या बंदुकांचं घर बऱ्याचदा अडीच इंची काडतुसाचं असतं, आजची काडतुसं सहसा पावणेतीन इंची. काडतूस बसलं म्हणून बंदूक ते पेलेल असं नाही. ती वाजवूच नका.

कागदांचं काम मात्र आजच करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाला पुढे करू शकतो. वडील धडधाकट असताना ही गोष्ट काढायला पोरं कचरतात. वडील गेल्यावर तोच अर्ज दसपट अवघड होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून. ज्यांच्याकडे जास्तीची आहे किंवा ज्यांना मुळी नकोच आहे, त्यांनी ती सरकारजमा होण्याची वाट बघू नये. संग्रहालयाला देण्याची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी मागावी. दिनकर केळकरांनी पुण्यात गावोगावच्या अडकित्त्यांपासून हत्यारांपर्यंत वस्तू गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह सरकारला दिला. शिवनेरीच्या पायथ्याच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बंदुका मांडायला जुन्नरमध्ये एक भिंत मिळू नये?

ठाण्यात द्यावी लागली, मग निवडणुकीसाठी असो की वारसाचा परवाना होईतो, तर देण्याआधी नळीला तेलाचा हात द्या, दस्त्याचे आणि शिक्क्यांचे फोटो काढा, पावतीवर क्रमांक नीट उतरवून घ्या आणि परत घ्यायची तारीख कॅलेंडरवर लिहा. पावसाळाभर बंद खोलीत पडलेलं लाकूड फुगतं, लोखंड गंजतं. हा कुणावर आरोप नाही, आपली हवाच तशी आहे.

आणि सुतार मंडळी, तुमच्यासाठी वेगळं. ज्यांच्या वाडवडिलांनी दस्ते बसवले त्यांच्या घरांत अजून ती सुतारकामाची अवजारं आहेत, क्वचित ते हातही. कुठलं लाकूड घ्यायचे, तंतूची दिशा मानेशी कशी जुळवायचे, कातडं किती ओलं ठेवायचे, हे सांगणारे म्हातारे आता थोडे उरले. त्यांना बोलतं करा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घ्या. बंदूक हातात नसली तरी चालेल. जू करतानाही ते हात तेच करतात.

येत्या खंडेनवमीला एवढं करू. बंदुका घेऊन कुणी कुठे जमायचं नाही, ते बेकायदा ठरेल आणि मूर्खपणाचंही. आपापल्या देव्हाऱ्यासमोर पूजा झाली की चार फोटो काढा: पूर्ण बंदूक, दस्ता, डागडुजीची जागा, शिक्के. सोबत अर्धं पान लिहा: कुणी घेतली, काय राखलं, कुठे मोडली, कुणी जोडली. मालकाचं नाव, पत्ता आणि बंदुकीचा क्रमांक त्या पानावर नको, चोरांना यादी करून द्यायची नाही. पण सुताराचं नाव आठवत असेल तर ते जरूर लिहा. ही पानं आपल्या गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्या, तिथे एक फाइल उघडायला सांगा. नाही उघडली तर स्वतः एक घेऊन जा.