आजोबांचं रिव्हॉल्वर आणि दोन स्क्रू

पोलादपूरच्या एका मित्राने परवा फोटो पाठवला. स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्वर. "ब्रिटिशकालीन आहे, ४२ च्या महाडच्या मोर्च्यात आजोबांच्या कमरेला हेच होतं." परवाना वडिलांच्या नावावर होता, वडील नुकतेच गेले. खरेदीचे कागद महाडच्या दुकानात होते, ते जुलै २०२१ च्या पुरात गेले. आणि कुणीतरी सल्ला दिलाय, जुनी वस्तू आहे, अँटिकला परवाना लागत नाही, ठेव कपाटात!

मी फोटो मोठा करून दोनच जागा बघितल्या. या कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्वरला उजव्या बाजूच्या झाकणपट्टीवर चार स्क्रू आणि ट्रिगर गार्डच्या पुढे पाचवा. १९५५ च्या सुमारास झाकणपट्टीचा सगळ्यात वरचा, घोड्याजवळचा स्क्रू गेला. १९६१ च्या सुमारास गार्डपुढचाही. (मुठीखाली एखादा झाकला जातो, म्हणून नुसते मोजू नका, जागा बघा.) मित्राच्या फोटोत दोन्ही जागा सपाट. म्हणजे हे ४२ चं नाहीच. आजोबा मोर्च्यात असतीलही, हे रिव्हॉल्वर मात्र नव्हतं.

मित्र जरा नाराज झाला. पण प्रश्न अभिमानाचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ ची सूट आहे ती जुनाट किंवा मोडक्या, आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला. साठ सालानंतरचं चालू रिव्हॉल्वर त्यात कसं बसेल? परवानाधारक गेल्यावर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसाने अर्ज करायचा. कपाटात ठेवलं तर गुन्हा.

माझं दुसरं म्हणणं नोंदीबद्दल. निवडणुकीत आपल्याकडची शेतीसंरक्षणाची हत्यारंसुद्धा जमा होतात. मी पाहिलेल्या पावत्यांवर कधी नुसतं "एक बंदूक" असतं. नंबर, कंपनी, खुणा, फोटो का नको? सॉण्डर्सवर १९२८ मध्ये झाडलेलं भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल इंदूरच्या बीएसएफ संग्रहालयात रंगाखाली दडलं होतं. रंग खरवडला, नंबर १६८८९६ निघाला, खटल्याच्या कागदांशी जुळला, तेव्हा ओळख पटली. ते कागद टिकले होते. आपल्याकडे सावित्री कागद ठेवत नाही.

तेव्हा घरात परवान्याचं हत्यार असेल तर नंबराचा फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाईकाकडेही ठेवा. आणि पॉलिश पेपरने घासू नका रे बाबांनो, खुणा जातात. मित्र सोमवारी ठाण्यात जातोय, पावतीवर नंबर लिहून घेणार आहे.