चार ओळींची जबाबदारी

आपल्यापैकी बरीच मंडळी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कोड लिहायला आपल्याला आवडते, पण डॉक्युमेंटेशन म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. "कोड वाचला की कळेल!" हे उत्तर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी दिलेले आहे. हा आळस आता परवडणारा नाही, आणि शिक्षणक्षेत्रात तर मुळीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. शाळेच्या कामाला लावलेल्या एआय एजंटपुढे सहसा आपला कोड नसतो, टूल्सची यादी असते. प्रत्येक टूलचे नाव, त्याला कोणती माहिती पुरवायची ते, आणि ते काय करते याचे चार ओळींचे वर्णन. शिक्षकाने काही विचारले की कोणते टूल वापरायचे आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आला आणि अशी टूल्स जोडणे सोपे झाले. वर्णन नीट लिहिण्याची जबाबदारी मात्र आपल्याकडेच राहिली.

एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या अनेक शाळा-कॉलेजांत कॅनव्हास ही प्रणाली वापरतात. तिच्या एपीआयमधून विद्यार्थ्याचे दोन आकडे मिळतात, करंट स्कोअर आणि फायनल स्कोअर. पहिल्यात न तपासलेले काम मोजत नाहीत, दुसऱ्यात त्याला शून्य धरतात. हा फरक कॅनव्हासच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेला आहे. आता समजा, कुणीतरी त्यावर टूल बांधले आणि वर्णन लिहिले, "विद्यार्थ्याचा फायनल स्कोअर देते." ऑक्टोबर महिना आहे. निम्म्या गुणांचे काम तपासून झाले आहे आणि एका मुलीला त्यात ९० टक्के आहेत. म्हणजे तिचा करंट स्कोअर ९० आणि फायनल ४५! शिक्षकांनी एजंटला सांगितले, "नापास होण्याची भीती असलेल्या मुलांच्या पालकांना कळव." एजंटने फायनल म्हणजे अंतिम असे धरले, आणि पत्र रवाना. कोडमध्ये एकही चूक नाही.

तेच वर्णन असे लिहिता आले असते: "विद्यार्थ्याचे दोन स्कोअर देते. करंटमध्ये फक्त तपासलेले काम धरले आहे. फायनलमध्ये न तपासलेल्या कामाला शून्य धरले आहे, म्हणून सत्र चालू असताना तो फार कमी दिसू शकतो. त्यावरून मूल नापास होईल असा निष्कर्ष काढू नये. आजारपण किंवा सवलतीची माहिती यात नाही." टूल काय करते याइतकेच, त्यातून काय कळत नाही हेही लिहायला हवे.

दुसरी गोष्ट कृतीची. पत्राचा मसुदा करणे आणि पत्र पाठवणे ही दोन वेगळी टूल्स हवीत. "नोटिफाय" एवढ्या नावावरून काय समजायचे? आणि "आधी शिक्षकांची परवानगी घ्या" असे वर्णनात लिहून भागत नाही. परवानगीशिवाय पत्र जाणारच नाही, अशी सोय कोडमध्येच हवी.

काहीजण म्हणतील, मॉडेल्स दिवसेंदिवस हुशार होत आहेत, एवढा खटाटोप कशाला? पण तुमच्या शाळेत शून्य म्हणजे "उत्तर चुकले", "गृहपाठ दिला नाही" की "अजून तपासला नाही", हे कुठे लिहिलेच नसेल तर हुशारातल्या हुशार मॉडेलला तरी कसे कळणार? उगाच लांबण लावा असे माझे म्हणणे नाही. नेमके लिहा.

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. असे पत्र आपल्या घरी आले तर आपण त्याच रात्री शाळेला ईमेल करू. पण दोन शिफ्टमध्ये राबणारी, इंग्रजी जेमतेम वाचणारी आई काय करेल? बहुधा पत्र खरे मानून मुलीलाच बोलेल. १९७४ च्या फर्पा कायद्याने पालकांना मुलांच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्ती मागण्याचा अधिकार दिला. इथे मात्र नोंद बरोबरच आहे, चुकला तो तिचा अर्थ. आणि तो अर्थ ज्या चार ओळींतून निघाला, त्या ओळी पालकांनी कधी पाहिलेल्याच नसतात.

म्हणून दोन विनंत्या. जे हे सॉफ्टवेअर लिहितात त्यांनी वर्णन एखाद्या शिक्षकाला वाचायला द्यावे, आणि "यावरून तुम्ही काय समजलात?" एवढेच विचारावे. तो अडखळला तर वर्णन पुन्हा लिहावे. आणि जे पालक आहेत त्यांनी शाळेत एजंट आला की त्याच्याकडे कोणती टूल्स आहेत आणि त्यांचे वर्णन काय, हे मागून वाचावे. चार ओळी वाचायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. चुकीच्या पत्राने एखाद्या मुलीचा स्वतःवरचा विश्वास गेला, तर तो परत यायला मात्र वर्षे लागतात.