दहा रुपयांचा फ्यूज

मंडळी, टँक बॅगेत मोबाइलचा चार्जर बसवायचा, तर आमच्या नांदेड-लातूरकडे पद्धत ठरलेली: हॉर्नची वायर सोल, चार्जरची गुंडाळ, वर काळी टेप. झालं! फ्यूज म्हटलं की उत्तर तयार, "कशाला साहेब, सगळे असंच बसवतात."

अहो, पण ती बॅग बसते पेट्रोलच्या टाकीवर! लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठेपर्यंत हँडल किती वेळा वळतं? वायर घासते, मे महिन्याच्या उन्हात टेपचा डिंक सुटतो. उघडं तांबं चेसिसला टेकलं की गाडीचाच फ्यूज उडतो, आणि तुम्ही भर रात्री माळरानावर उभे. थेट बॅटरीवरून बिनफ्यूजची वायर आणली असेल तर मग वायरच पेटते, तीही टाकीखाली.

चार्जर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे १० वॉट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर जेमतेम १ अँपिअरचा भार. ३ अँपिअरचा फ्यूज पुरे, पण तो बॅटरीच्या प्लसजवळ हवा. चार्जरपाशी लावून उपयोग नाही, कारण त्याने वाचवायची असते ती मधली वायर.

काका म्हणतात, पॉवरबँक घे. घेतो, पण बेचाळीस अंशात, काळ्या बॅगेत लिथियम शिजवायचं? (काका, रागावू नका!)

आणि पंपावर बॅग दर वेळी उचलावी लागते. म्हणून जोड ओढताच सुटणारा, दोन पिनांचा हवा. बॅटरीकडच्या अर्ध्या भागात प्लसची पिन रबरात झाकलेलीच पाहिजे. दुकानात उलटा दिला तर तिथेच परत करा.