वखारीचा धडा आणि खराडीचे मनोरे

मुळा-मुठेच्या काठावरील खराडी हे काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीवाडीचे गाव होते. आज तेथे इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांचे काचेचे मनोरे उभे आहेत. देशोदेशींच्या कंपन्यांची कामे तेथे चालतात आणि मराठी घरांतील असंख्य तरुण-तरुणी परदेशी घड्याळाप्रमाणे तेथे राबतात. याच नदीच्या वरच्या अंगाला, मुळा आणि मुठा जेथे एकत्र येतात त्या संगमावर, १७८६ साली पुण्यात आलेल्या चार्ल्स मॅलेटने इंग्रजांची रेसिडेन्सी थाटली होती. परकीय व्यापाराशी नाते कसे ठेवावे, हा प्रश्न या नदीकाठाला नवा नाही. त्याचे उत्तर एकदा चुकले होते, एवढे मात्र विसरून चालणार नाही.

३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. त्यानंतर सातच वर्षांनी इंग्रजांनी अमेरिकेत जेम्सटाऊन वसवले आणि तेथील मूळ रहिवाशांना हळूहळू आपल्याच भूमीवर उपरे करून टाकले. हिंदुस्थानात तसे करणे शक्य नव्हते, कारण येथे संघटित राज्ये होती, भरभराटीच्या पेठा होत्या. म्हणून येथे ते नम्र याचक होऊन आले. १६१३ मध्ये सुरतेस वखार निघाली. पुढे पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात आंदण मिळालेले मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने १६६८ साली वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. ज्यांची ही भूमी, त्यांना विचारण्याची गरज दोघांपैकी कोणालाही वाटली नाही. गव्हर्नर जेराल्ड आँजियरने तेथे तटबंदी भक्कम केली, न्यायालय स्थापले आणि धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचे आश्वासन देऊन व्यापाऱ्यांना बोलावले. वखारीचे हळूहळू राज्य होऊ लागले.

हे सर्वप्रथम ओळखले ते छत्रपती शिवाजी महाराजांनी. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले आणि स्वतःचे निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठले, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. व्यापारी म्हणवणाऱ्याने युद्धात हात घातला, तर त्याला शत्रूच मानले जाईल, हा त्याचा अर्थ होता. परंतु महाराजांनी व्यापाराचे दार कायमचे बंद केले नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर तहासाठी आला, तेव्हा बहुतेक कलमे मान्य झाली. मात्र इंग्रजी नाणे स्वराज्यात चालवण्याचे कलम महाराजांनी स्वीकारले नाही. नाणे त्याच्या कसावर चालेल, त्यासाठी सक्तीही नाही आणि मनाईही नाही, अशी त्यांची भूमिका होती. व्यापार हवा, पण आपल्या अटींवर, हीच ती शिवनीती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या नीतीचे शास्त्रच झाले. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि राजांना भूमीचा लोभ असतोच, असा इशारा त्यात आहे. त्यांना वखारीस जागा देणे भागच पडले, तर ती समुद्रकिनारी वा खाडीच्या मुखाशी न देता आत, सखल जागी द्यावी आणि पक्की बांधकामे करू देऊ नयेत, असे अमात्य बजावतात. आरमाराचा आधार तोडला की टोपीकर केवळ व्यापारी उरतो, हे त्यामागचे मर्म आहे.

आणि पुढे काय घडले? १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्यावरील रोषापायी पेशव्यांनी इंग्रजांनाच साथीला घेतले आणि विजयदुर्गात मराठ्यांचेच आरमार जळाले. १७७५ साली राघोबादादा गादीसाठी इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, कंपनीच्या सनदेला दोनशे दोन वर्षे होत असताना, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर मान्यतेची मोहोर उमटवली आणि इंग्रजी फौज आपल्याच खर्चाने पोसण्याचे मान्य केले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली. पण उशीर झाला होता. खराडीच्या शेजारी येरवड्याजवळ जनरल स्मिथची फौज येऊन ठेपली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. परक्याच्या सामर्थ्याइतकीच आपसांतील फूट या पराभवाला कारण झाली.

आजच्या कंपन्या म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी नव्हे. त्यांच्या पाठीशी गलबते नाहीत आणि आपल्या देशात सार्वभौम संसद आहे. खराडीतील रोजगाराने कित्येक मध्यमवर्गीय घरांना स्थैर्य दिले, हेही निर्विवाद. म्हणून मनोऱ्यांविषयी द्वेष बाळगणे हा शहाणपणा नाही. पण आज्ञापत्रातील प्रश्न आजही तसाच उभा आहे : नाड्या कोणाच्या हाती? आपले अभियंते जी संगणकप्रणाली घडवतात, तिचे स्वामित्व कोणाकडे जाते? आपल्या नागरिकांची माहिती कोणाच्या कोठारात साठते? २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत केला, तो याच जाणिवेतून. परंतु केवळ कायद्याने काम भागत नाही. समुद्रकिनाऱ्याची जागा आज ज्ञानाने घेतली आहे. तो किनारा आपल्या ताब्यात राहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट इंग्रजांकडून शिकण्यासारखी आहे. वखारीतील प्रत्येक कारकून पाहिलेले, ऐकलेले लिहून ठेवत असे. मॅलेटला पुणे दरबाराची खडान्‌खडा माहिती होती; दरबाराला मात्र इंग्लंड कितपत ठाऊक होते? परदेशी कंपनीत काम करणाऱ्या तरुणाने केवळ वेतन मोजून थांबू नये. त्या देशाची धोरणे, त्याची बलस्थाने, त्याच्या उणिवा यांचा अभ्यास करावा आणि तो अनुभव स्वदेशी उद्योगाच्या उभारणीस लावावा. नोकरीतून उद्योजक घडले, तरच हे मनोरे वखारी न राहता आपली पेठ होतील.

हा संस्कार घराघरांतून व्हायला हवा. खराडीत वाढणाऱ्या मुलाला संगमाचा इतिहास ठाऊक असावा, आज्ञापत्राचे नाव त्याच्या कानावर पडलेले असावे. जगाशी व्यवहार करताना त्याची मान ताठ असेल आणि डोळे उघडे असतील, तर १८१७ ची पुनरावृत्ती होणार नाही.