विश्लेषण : अभंग तुकोबांचा, मग यूट्यूबवर दावा कंपनीचा कसा?

तुकाराम महाराजांचा अभंग गायला, छापायला किंवा त्याला नवी चाल लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही. तरीही पेटी-तबल्याच्या साथीने स्वतः गायलेला अभंग यूट्यूबवर टाकल्यावर एखाद्या संगीत कंपनीचा कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. असे का होते?

हक्क कोणाचा, किती काळ?
१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. पहिले दोन हक्क कवी व संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे असतो. म्हणजे संतांचे शब्द सर्वांचे. पण अलीकडच्या संगीतकाराने त्यांना दिलेली चाल मात्र सर्वांची नाही.

यंत्रणा चुकते कुठे?
यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा २००७ मध्ये आली. हक्कधारकांनी दिलेल्या ध्वनिमुद्रणांशी ती नवे व्हिडिओ ताडून पाहते. साम्य आढळल्यास हक्कधारक व्हिडिओ बंद करू शकतो किंवा जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो. यंत्राला साम्य कळते. पण पारंपरिक चाल कुणा एकाच्या मालकीची नसते, हे कळत नाही.

दावा आल्यास काय करावे?
आक्षेप नोंदवता येतो. त्यावर उत्तर देण्यासाठी दावेदाराला ३० दिवस मिळतात. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि चाल पारंपरिक आहे, गायन स्वतःचे आहे, हे आक्षेपात स्पष्ट लिहावे. मात्र वाद वाढून ९० दिवसांत तीन ‘कॉपीराइट स्ट्राइक’ आले, तर चॅनेलच बंद होऊ शकते. या धास्तीने छोटा गायक बरोबर असूनही माघार घेतो, तर नवल नाही.

मग संरक्षणच नको का?
हवेच. २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीत समान वाटा दिला. फुकट वापर बोकाळला तर तो वाटाही बुडेल. पण चोरी करणाऱ्याला शिक्षा आणि खोटा दावा करणाऱ्याला मोकळे रान, हा न्याय नव्हे. पारंपरिक रचनांवरील दावे जाणकार माणसाने तपासूनच मान्य व्हावेत आणि वारंवार चुकीचे दावे करणाऱ्यांची ही सोय काढून घ्यावी. कॉपीराइट निर्मात्यासाठी आहे. सर्वांच्या ठेव्यावर कुंपण घालण्यासाठी नाही.