पाहिले ते कळवा

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, गांधी जयंतीला अवघे तीन दिवस उरले असताना, लंडनमधील टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेतील महात्मा गांधींच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर अज्ञात इसमांनी रंगाने भारतविरोधी मजकूर लिहून तो विद्रूप केला. भारतीय उच्चायुक्तालयाने कडक शब्दांत निषेध केला आणि पुतळा पूर्ववत करण्याचे काम हाती घेतले. त्या चौथऱ्याचे छायाचित्र आमच्याकडे तीन-चार नातेवाइकांनी पाठवले. प्रत्येकाने खाली संताप व्यक्त केला होता आणि पुढे धाडण्याची विनंती केली होती.

ही बाग आपल्या लोकांना अपरिचित नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या बेटावरून ज्या मुली नर्सिंगसाठी इंग्लंडला गेल्या, त्यांची मुले-नातवंडे आज तिकडेच आहेत. त्यांना भेटायला जाणारा मॉरिशसचा पाहुणा युस्टन स्टेशनपासून चालत जाऊन गांधीजींपुढे फूल ठेवून येतो. फ्रेडा ब्रिलियंट या शिल्पकार बाईंनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण १९६८ साली पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या हस्ते झाले. त्याच बागेत हिरोशिमाच्या मृतांसाठी १९६७ साली लावलेले चेरीचे झाड आहे आणि युद्धात लढण्यास नकार देणाऱ्यांच्या स्मरणार्थ १९९४ साली बसवलेली शिळा आहे. जुलै २००५ च्या बसमधील बॉम्बस्फोटात १३ निरपराध माणसे मेली, तेही याच चौकाच्या कडेला. शांततेसाठी राखलेल्या जागेवरच कोणी रंगाचा डबा घेऊन रात्री येतो, याचे दुःख होणारच.

परंतु दुःख झाल्यावर पुढे काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

कायदा दुबळा आहे असे कोणी म्हणू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७१ चा क्रिमिनल डॅमेज कायदा लागू आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेची हेतुपुरस्सर वा बेफिकिरीने नासधूस केल्यास जास्तीत जास्त १० वर्षांची कैद होऊ शकते, आणि ती आग लावून केली असेल तर जन्मठेपेपर्यंत. मात्र नुकसान ५,००० पौंडांहून कमी असेल तर खटला खालच्या न्यायालयात चालतो आणि शिक्षेची कमाल मर्यादा तीन महिने कैद किंवा २,५०० पौंड दंड इथपर्यंत खाली येते. चौथऱ्यावरचा रंग धुवायला कितीसा खर्च येणार? म्हणजे राष्ट्रपित्याच्या पुतळ्याची विटंबना आणि मोडका बाक एकाच तागडीत तोलले जात. २०२२ च्या नव्या कायद्याने ही अडचण दूर केली. स्मारकाच्या बाबतीत आता नुकसानीची रक्कम आड येत नाही. हानी दहा पौंडांची असली तरी खटला वरच्या न्यायालयात जाऊ शकतो. विशेष म्हणजे स्मृतीसाठी लावलेली बाग, झाड, इतकेच नव्हे तर स्मारकापाशी ठेवलेला फुलांचा गुच्छसुद्धा या व्याख्येत बसतो. घाव किती खोल गेला हे पौंडांत मोजता येत नाही, हे तिथल्या संसदेने मान्य केले, याबद्दल आम्ही तिचे अभिनंदन करतो. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे; तिथे १९९५ च्या कायद्यात ‘व्हॅन्डलिझम’ या नावाचाच गुन्हा आहे.)

तथापि दहा वर्षे ही शिक्षेची कमाल मर्यादा आहे, दर नाही. चौदा वर्षांच्या पोराने झोपाळ्यावर आपले नाव लिहिले म्हणून त्याला गजाआड टाकावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्याच्या हातात बादली आणि ब्रश द्यावा आणि चार शनिवार बागेत काम करवून घ्यावे. इंग्लंडमध्ये कौन्सिलचे अधिकारी असल्या लिखाणाबद्दल खटल्याऐवजी दंडाची नोटीस देऊ शकतात, आणि २०२३ पासून तिची कमाल रक्कम ५०० पौंड झाली आहे. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल तिथल्या कायद्यापुढे गुन्ह्याला जबाबदार धरले जाते, आणि मुलगा सोळाच्या आतला असला तर न्यायालयाने ठरवलेला दंड व भरपाई सहसा आईबापांच्या खिशातून जाते. आपला नातू संध्याकाळी कुठल्या बागेत, कुणाबरोबर असतो, हे आजोबांनी फोनवर विचारायला हरकत नाही.

पण हे सारे कायदे ज्याने पाहिले त्याच्या तोंडापाशी येऊन थांबतात. प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी लंडनला नातेवाइकांकडे गेला असता, एका उद्यानात तीन मुले कचऱ्याच्या पेटीत पेटती कागदे टाकताना त्याने पाहिली. लेखकाने पावले उचलली, ती घराच्या दिशेने. आपण पाहुणे, आपल्याला काय करायचे, पोलीस उलट आपलेच कागद मागतील, असे नाना विचार मनात आले. दुसऱ्या दिवशी पेटीशेजारचा बाकही जळालेला होता. ज्या म्हाताऱ्या बाई रोज तिथे बसत, त्या उभ्याच होत्या.

तेव्हा सांगितले पाहिजे. गुन्हा डोळ्यांदेखत चालू असेल तर ९९९. होऊन गेला असेल तर १०१, किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर. नाव सांगायची भीती वाटत असेल तर क्राइमस्टॉपर्स या संस्थेचा ०८०० ५५५ १११ हा क्रमांक आहे; ही संस्था पोलिसांची नव्हे आणि ती नाव विचारत नाही. बागेचे नाव, कोणत्या फाटकाजवळ, किती वाजता, किती जण, कपडे कसे, एवढे सांगितले तरी पुरे. मुलांच्या अंगावर धावून जाऊ नये. पोलिसांनी छायाचित्र घेण्याआधी, भक्तिभावाने का होईना, रंग पुसू नये. तो पुरावा असतो. तक्रारीचा क्रमांक मिळतो तो लिहून ठेवावा, कारण पाठपुरावा त्याच्याच आधारे होतो. केवळ मोडका बाक किंवा लिखाण दिसले तर कौन्सिललाही कळवावे. आणि पाहिलेले सांगणे हा गुन्हा नाही, मग सांगणारा नागरिक असो, विद्यार्थी असो वा महिन्याभराचा पाहुणा.

पुतळा गांधीजींचा असला तर आपण पेटून उठतो. इतरांचा असला तर? लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. त्याच रस्त्याला लागून ग्लॅडस्टन पार्क आहे. तिथे फ्रेड कॉर्मिस या शिल्पकाराच्या पाच आकृती आहेत, युद्धकैदी आणि छळछावण्यांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ. कॉर्मिस स्वतः पहिल्या महायुद्धात सायबेरियात कैदी होता. २००३ साली या शिल्पाची नासधूस झाली आणि दुरुस्तीला पुढे कित्येक वर्षे गेली. मंडळाच्या गणेशोत्सवाला जाणारी आपली माणसे त्या बागेत फिरतात. त्या पाच आकृती आपल्या नव्हेत असे त्यांना वाटत असेल, तर उद्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधून जाणारा एखादा ज्यू किंवा आयरिश गृहस्थ गांधीजींकडे पाहून तसेच म्हणेल, आणि त्याला बोल लावायला आपल्याला तोंड राहणार नाही.

आपल्या बेटावरही पोर्ट लुईच्या कंपनी गार्डनमध्ये वडाच्या सावलीत पुतळे उभे आहेत, आणि एप्रिल २०२३ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण केले, ते आपल्या मराठी मंडळींच्याच समक्ष. तेथे काही विपरीत दिसले तर कोणाला कळवायचे हे किती घरांत ठाऊक आहे, याचा शोध या पानाच्या वाचकांनी याच आठवड्यात आपापल्या घरी घ्यावा. मराठी मंडळी फेडरेशनच्या शाखांना आमची सूचना आहे की यंदाच्या गणेशोत्सवाच्या पत्रकावर आरतीच्या वेळेखाली जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक छापावा, आणि इंग्लंडात मुले असलेल्यांनी वरचे तीन क्रमांक त्यांना आजच पाठवावेत. चौथऱ्याचे छायाचित्र पाठवायला जेवढा वेळ लागला, तेवढाच यालाही लागेल.